वीतभर उजवीकडे

त्या रविवारी बाबांनी तिच्या कोपराचं माप घेतलं.

"हात पुढे कर. असा ताठ नाही गं, चोरावर पिस्तूल रोखल्यासारखा. सैल सोड. चाक धरल्यासारखा."

त्यांनी गळ्यातली टेप काढली, एक टोक स्वतःच्या चपलेखाली दाबलं आणि दुसरं तिच्या कोपरापर्यंत ओढलं.

"कशाचं माप?"

"सहज."

"सहज कोपर कोण मोजतं, बाबा?"

"ज्याच्या गळ्यात टेप असते तो," म्हणत ते शिडी चढून होडीत गेलेसुद्धा.

होडी घराच्या मागच्या अंगणात, ओंडक्यांवर उभी होती. बाबा शिंपी होते आणि होडीही त्यांनी अक्षरशः शिवलीच होती. आधी खाकी कागदावर बेतली. मग त्या बेताने प्लायवुडच्या फळ्या कापल्या, कडांना बारीक भोकं पाडली आणि तांब्याच्या तारेने टाके घालत फळीला फळी जोडली. तारा आवळता आवळता सपाट फळ्या वाकल्या, फुगल्या, आणि एक दिवस आईच्या कपडे वाळत घालायच्या जागेवर भलंमोठं पोट असलेली होडी उभी राहिली. मग सांध्यांवर राळ आणि फायबरच्या पट्ट्या चढल्या, तारा उपसून निघाल्या. कुणी विचारलं की आई म्हणायची, "माणसांचे कोट शिवून कंटाळले. आता पाण्याचं माप घेतायत."

मुलगी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायची. दिवसभर चुका शोधून डोळ्याला जी सवय लागते, ती घरी आल्यावर चपलांबरोबर दाराशी काढून ठेवता येत नाही. बाबा प्रत्येक टप्प्यावर विचारायचे, "कशी झालीये?" ती म्हणायची, "डावीकडे रंग जाड बसलाय." किंवा, "ही कड खरखरीत आहे." ते मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी कड गुळगुळीत झालेली असायची. होडी तिच्या चुका काढण्यातून घासूनपुसून निघत होती. पण बाबांचा प्रश्न तो नसायचाच.

त्या रविवारी त्यांनी डेकवर काउंटर मांडून पाहिलं. त्याला खरं तर कन्सोल म्हणतात. सुकाणूचं चाक, वेगाची दांडी आणि होकायंत्र ज्यावर बसतं, ते उभं खोकं. पण बाबांना ते दुकानातल्या काउंटरसारखं वाटे, म्हणून काउंटर. अजून पक्कं करायचं होतं. त्यांनी कपड्यावर खुणा करायच्या खडूने त्याच्याभोवती डेकवर रेघ मारली आणि वरून विचारलं, "कशी आहे जागा?"

तिने एक डोळा मिटला. "मधोमध नाहीये. वीतभर उजवीकडे गेलंय."

"हो का?"

"चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा. पुन्हा मोजा."

बाबा हसले. रेघ मात्र पुसली नाही. "उद्या सांगतो," ते म्हणाले. "आईची ही तिसरी हाक. चौथी ती मारत नाही, ताटं उचलते."

सोमवारी सकाळी दुकानाचं शटर वर करताना ते खाली बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत.

*

दारात उभ्या असलेल्या माणसाच्या केसांत, भुवयांत आणि एका कानात सिमेंटची धूळ होती.

"लांब ड्रिल बिट मिळेल का तुमच्याकडे?"

"हे घर आहे," ती म्हणाली. "हार्डवेअरचं दुकान चौकात."

"ते बंद आहे. शेजारचे दाताचे डॉक्टर म्हणाले, या घरात सगळी हत्यारं मिळतात..." तिच्या चेहऱ्याकडे पाहून तो अडखळला. "माफ करा. मी दुसरीकडे बघतो."

"थांबा. आहे. कशाला हवंय?"

"खुर्ची बसवायला."

"खुर्ची बसवायला माणूस लागतो?"

"दाताच्या डॉक्टरची खुर्ची आहे हो. तिच्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला पळून जायचं असतं. जमिनीत पक्की नसली तर खुर्चीसकट जातील."

तिला हसू आलं. किती तरी दिवसांनी... आणि ते आपल्याच घरात चोरून आणल्यासारखं वाटून ती पटकन मागच्या अंगणाकडे वळली. तो मागोमाग आला. वाऱ्याने ताडपत्री एका बाजूने उडाली होती. तो जागच्या जागी थांबला.

होडीभोवती सावकाश फिरला, तळवा लाकडापासून जरासा दूर धरून, झोपलेल्या जनावराजवळून जावं तसा. मग सांध्यावर एका जागी बोट ठेवलं. राळेने बुजवलेल्या बारीक भोकांची ओळ तिथून थेट टोकापर्यंत गेली होती.

"हे... टाके आहेत?"

"हो."

"कुणी घातले?"

"माझ्या वडिलांनी. शिंपी होते."

त्याने त्या ओळीवरून टोकापर्यंत नजर नेली, आणि परत आणली. "एकही टाका मागेपुढे नाही," तो हलक्या आवाजात म्हणाला. तिने ती ओळ हजारदा पाहिली होती, चूक शोधत.

"पाण्यात कधी जाणार?"

"नाही जाणार. मामाने गिऱ्हाईक बघितलंय, हॉटेलवाला. बागेत ठेवणार, आत माती भरून फुलझाडं लावणार."

"हिच्यात? माती?" जणू कुणी त्याच्याच तोंडात कोंबली होती. "तुम्हाला चालेल?"

मामाने हे विचारलं नव्हतं. तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं. "अर्धवट होडीचं काय करणार?" ती म्हणाली. "काउंटरच बसलेलं नाही. लाट आली की होडीतली सगळी माणसं पहिलं त्यालाच धरतात. ते उखडलं तर चाकासकट माणूस पाण्यात."

"ते मी बसवतो," तो म्हणाला. "जन्मात तेवढं एकच काम येतं मला."

दुसऱ्या दिवशी तो बिट परत द्यायला आला. तिसऱ्या दिवशी तेच बिट पुन्हा मागायला आला. आई खिडकीतून म्हणाली, "त्या डॉक्टरला एक खुर्ची बसवून हवीये का अख्खं थिएटर?"

*

मामा गिऱ्हाईक घेऊन यायच्या आत काम व्हायला हवं होतं. काउंटर बसलेली होडी निदान होडी म्हणून बघितली जाईल, एवढाच तिचा विचार होता. निदान स्वतःला ती तेवढंच सांगत होती.

खुर्चीवाला पेटी घेऊन शिडी चढला आणि त्याने मुठीएवढे जाड स्क्रू काढले. "चार वरून ठोकले, की हत्ती बांधा."

"अहो, ही काय जमीन आहे?" ती एकदम बोलली. "खाली काँक्रीट नाही, पोकळी आहे. वर प्लायवुड. लाटेचा एक हिसका बसला की स्क्रू लाकूड घेऊन उपटून येतील. आरपार बोल्ट घालायचे. खालून रुंद वॉशर, नट. आणि भोक सरळ पाडायचं नाही. आधी मोठं पाडायचं, राळेने भरायचं, वाळलं की त्या राळेत नेमकं भोक पाडायचं. नाही तर प्लायवुडच्या उघड्या कडेतून पाणी शिरतं, आणि आतल्या आत डेक कुजतो. वरून कळतसुद्धा नाही."

ती थांबली. तो तिच्याकडे बघत होता.

"काजाला आधी कड शिवून घेतात ना, तसं," ती हळूच म्हणाली. "नाही तर धागे सुटतात."

हे वाक्य तिचं नव्हतं. बाबा बोलत असायचे, ती मुद्रितं तपासता तपासता हुं हुं करायची. आपण ऐकत नाही, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं.

त्याने स्क्रू मुकाट्याने पेटीत टाकले. "पुढे सांगा, बाईसाहेब."

"पुढे... आधी हे मधे घ्यायचं. वीतभर उजवीकडे आहे."

त्याने मोजलं. होतं. "पण खूण तर त्यांनी इथेच केलीये."

"चष्म्याचा नंबर वाढला होता त्यांचा." तिने खडूची रेघ बोटाने चाचपली. "थांबा. कात्री चालवायच्या आधी कापड उलटून बघायचं. मी खाली जाते."

डेकच्या खालच्या पोकळीत जायला पुढच्या बाजूला एक झाकण होतं. त्याचे खांदे त्यातून गेले नसते. तिचे गेले. आत लाकडाचा आणि राळेचा वास साठलेला होता, बंद कपाटात कोटाचा वास राहतो तसा. तिने टॉर्च वर मारला.

डेकच्या पोटाला, काउंटरच्या बरोबर खाली, जाड लाकडाच्या आधारपट्ट्या आधीच चिकटवलेल्या होत्या, बोल्टला धरायला. कडा गोल घासलेल्या, सांधे बोटाने ओढून गुळगुळीत केलेले. इथे कुणीही कधी बघणार नव्हतं, तरी अस्तर शिवावं तसं सगळं शिवलेलं. आणि त्या मधोमध नव्हत्या. वीतभर उजवीकडे होत्या. तिथेच, नेमक्या. आणि समोर डाव्या अंगाला बॅटरीचा लाकडी खण होता, तोल सावरायला. तोही तिने एकदा चुकीचा ठरवला होता.

म्हणजे चूक नव्हतीच. रविवारच्या किती तरी आधी त्यांनी हे ठरवलं होतं. त्यांना माहीत होतं, आणि त्यांनी तिला बोलू दिलं होतं.

ती तिथेच बसून राहिली. वरून डेकवर टकटक झाली.

"काय झालं?"

तिचं बोट पट्टीच्या गोल कडेवरून फिरत होतं.

"अहो... आहात ना? ए, आहेस ना?"

"आहे," ती आतून म्हणाली. "‘ए’ कुणाला?"

"‘अहो’ला वेळ लागतो. मला वाटलं, तू बेशुद्ध पडलीस."

"शुद्धीत आहे. तुम्ही काउंटर हलवू नका. अजिबात. जागा बरोबर आहे."

"का बरोबर आहे?"

"ते मलाही कळलेलं नाही."

ते आईने सांगितलं. चहाचे कप शिडीवरून वर दिले, आणि मग काय वाटलं कोण जाणे, दुखरा गुडघा सांभाळत तीही वर चढली. होडीत ती पहिल्यांदाच येत होती. तो गुडघा वाकत नसे, पाय ताठच ठेवावा लागे. आधार घेत ती काउंटरच्या डाव्या बाजूने सहज पलीकडे गेली, बाकावर टेकली, पाय लांब केला. टाच बरोबर समोरच्या कडेला टेकली, काउंटर कुठेही आड आलं नाही.

आईने स्वतःच्या पायाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"एकदा मला खाली बसवून, पाय पसरायला लावून कमरेपासून टाचेपर्यंत माप घेतलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "मला वाटलं, थंडीसाठी जाड विजार शिवतायत. नंतर विषयच काढला नाही. मी अजून वाट बघतेय त्या विजारीची."

मग मुलगी उठली, काउंटरमागे गेली आणि चाक धरलं. कोपर अगदी अलगद, जिथे यायला हवं तिथे आलं. खुर्चीवाल्याने धरून पाहिलं. त्याला वाकावं लागलं. बाबा तर त्याच्याहून उंच होते.

"ज्याचा एक खांदा उतरलेला असतो, त्याचा कोटही ते तसाच कापायचे," ती म्हणाली. "टेबलावर वाकडा दिसायचा. अंगावर चढला की सरळ."

*

मोठी भोकं पाडून झाली, राळ भरून झाली, वाळली. मग नेमकी भोकं पाडायला घेतली. काउंटर बाजूला सरकवलेलं होतं. ती खाली अंधारात, तो वर उजेडात. एकेक भोक आरपार झालं की उन्हाची सळई खाली उतरायची, आणि तिच्यात लाकडाचा भुगा तरंगायचा. हळूहळू त्या पोकळीत उजेडाचे खांब उभे राहिले. ती चकित होऊन बघत राहिली. एवढासा डेक, आणि त्याच्या पोटात हे सगळं.

मग एक खांब विझला.

"काय दिसतंय?" वरून आवाज आला.

"डोळा."

"कसा आहे?"

"धूळ गेलीये त्यात. लाल झालाय."

"एवढंच?"

"चुका काढायचा पगार घेते मी."

"मग माझ्यात बऱ्याच सापडल्या असतील."

"तपासणं चालू आहे," ती म्हणाली, आणि अंधार होता म्हणून मनसोक्त लाजली.

काउंटर जागेवर आलं. पायाखाली सीलंटचा जाड थर दिला, बोल्ट उतरले. एक ठोका म्हणजे नट धर, दोन म्हणजे सोड, असं ठरलं होतं. तो जोर लावणार इतक्यात तिने खालून हाताने डेक बडवला.

"आज घट्ट नाही करायचं! सगळं सीलंट पिळून बाहेर येईल, मग पाणी कोण अडवणार? नुसतं टेकवायचं. उद्या वाळलं की शेवटचा पिळा."

"म्हणजे उद्या यावं लागेल."

"यावं लागेल."

"काय करणार," तो सुस्कारा टाकत म्हणाला. "काम म्हणजे काम."

दुसऱ्या दिवशी बारीक पाऊस होता. ताडपत्रीवर त्याचा आवाज येत होता आणि ती खाली पाना धरून बसली होती. ठोका आला नाही.

"एक सांगायचं होतं," वरून आवाज आला. "तोंडावर नाही सांगता येणार."

"मग सांगा. मधे डेक आहे."

"शेजारची खुर्ची... केव्हाच बसली."

"माहितीये. मी जाऊन बसले तिच्यावर."

"दात दुखतोय?"

"नाही. हलते का बघायला गेले होते. डॉक्टरांना वाटलं, घाबरलेय. खुर्चीचे हात सोडत नव्हते ना मी."

मग त्याने विचारलं, "...हलते?"

"नाही."

"पुढचं सांगू?"

"नट धरलाय. बोला."

"हे काम आज संपेल. पण मला तरी यावंसं वाटतं. उद्याही. म्हणजे... रोजच." पान्याचा कर्रकन आवाज झाला.

"एवढ्या जोरात फिरवू नकोस! बोल्ट तुटेल."

"हे उत्तर आहे?"

"फिरवायचं थांबलास तर देते."

तो थांबला. तिने डेकच्या पोटावर, बाबांनी घासलेल्या लाकडावर, तळहात टेकवला. वर अगदी तिथेच त्याचा तळवा असणार, असं तिला उगाचच वाटलं.

"ये," ती म्हणाली.

वरून एक ठोका आला. तिने नट आणखी घट्ट धरला.

*

मामा हॉटेलवाल्याला घेऊन आला. हॉटेलवाला होडीकडे बघून म्हणाला, हे मधलं खोकं काढून तिथे गुलाब लावता येतील. मुलगी काही बोलायच्या आत आई काठी टेकत पुढे झाली.

"नाही द्यायची."

"अगं ताई, पण करणार काय तू हिचं?"

"घालणार," आई म्हणाली. "माझ्या मापाची आहे."

मामाने भाचीकडे पाहिलं. तिने मान हलवली. आईला दुजोरा दिला, आणि मामाला दार दाखवलं, दोन्ही एकाच मानेने.

खाडीवर उतार होता, पाण्यात जाणारा. गाडीमागे बांधलेला ट्रेलर हळूहळू मागे घेत गेले. चाकं बुडाली. इतकी वर्षं ओंडक्यांना, ट्रेलरला, जमिनीला जड असलेली ती होडी... एका क्षणी नुसती हलकी झाली. कुणी उचलली नाही, ढकलली नाही. पाण्याने तिला खालून हात दिला आणि ती सुटली. ना डावीकडे कलली, ना उजवीकडे. खुर्चीवाला गुडघाभर पाण्यात दोर धरून उभा होता. "बघ," तो कुजबुजला, मोठ्याने बोललं तर ती बुडेल अशा आवाजात. "बघ गं."

ती बघत होती. खाकी कागद आठवत होता. कागदाचा कपटा, खडू, तार. त्यातून हे!

आई डाव्या बाजूने गेली, बसली, पाय लांब केला. तो वाकून काउंटरची कड धरून उभा राहिला. इंजिन सुरू झालं, काठ मागे सरकला. चाक मुलीच्या हातात जिवंत होतं, पाण्याची बारीक थरथर तळव्यात येत होती.

मोठी प्रवासी बोट पुढून गेली आणि तिच्या मागच्या लाटा यांच्याकडे वळल्या. पहिलीने होडीचं नाक वर उचललं, दुसरीने खाली आपटलं. आई "अगं बाई" म्हणाली. त्याचा पाय घसरला. तिचा तोल गेला, आणि तिघांनी एकदम काउंटर धरलं. ती तर पूर्ण लोंबकळलीच, सगळा भार टाकून.

काउंटर हललं नाही. कणभर नाही, करकर नाही. अंगणात वाढलेल्या झाडासारखं ते तिला धरून उभं राहिलं, आणि लाटा खालून निघून गेल्या.

पाणी शांत झाल्यावर तिने इंजिन बंद केलं. आई हसत होती आणि पदराने तोंड पुसत होती. पाणी सगळंच खाडीचं नव्हतं. त्याचा हात तिच्या हातावर होता, तो लाटेत आला होता, आणि आता काढून घ्यायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं.

"कशी झालीये?" त्याने विचारलं. सहज, नुसतं विचारायचं म्हणून.

त्याला ठाऊक नव्हतं, हा प्रश्न कुणाचा. सवयीने तिची नजर फिरली. कडेवरून, सांध्यांवरून, टाक्यांच्या ओळीवरून, पार टोकापर्यंत. आणि परत आली. आईच्या लांब केलेल्या पायावर थांबली, मग स्वतःच्या कोपरावर.

उत्तर तिने त्याला दिलं नाही. पाण्याकडे बघत, आईने दचकून वर पाहावं इतक्या मोठ्याने ती म्हणाली,

"सुंदर झालीये, बाबा."